‘गॉन’ क्रियापद की विशेषण?

सोलापुरात मी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. वडील वारल्यानंतर एक विद्यार्थिनी त्या दिवशी पहिल्यांदाच शाळेत आली होती. तिचे वडील होटगीला रेल्वेत कामाला होते.

मी क्रियापदासारखी दिसणारी विशेषणं समजावत होते. ‘द डोअर इज क्लोज्ड’ म्हणजे दार बंद आहे. ते कुणी, कधी लावलं, हे वाक्य सांगत नाही, म्हणून इथं ‘क्लोज्ड’ विशेषण.

तिनं हात वर केला. “मॅडम, ‘माय फादर इज गॉन’ मधलं ‘गॉन’ काय हाय?”

विषय टाळावासा वाटला, पण तिला खरं उत्तर हवं होतं.

“‘हॅज गॉन’ असतं तर क्रियापद,” मी म्हणाले. “माणूस कुठंतरी गेलाय, परतही येईल. ‘इज गॉन’ मधलं विशेषण आहे. तो आता इथं नाही, एवढंच ते सांगतं.”

“मग विशेषणच की,” ती हळूच म्हणाली. “पण आई अजून त्यांचं ताट वाढती, मॅडम.”

मी खडू ठेवला आणि तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसले. मग ती रडली. तास संपल्याची घंटा झाली, तरी कुणी जागचं उठलं नाही.