आमच्या हॉलमध्ये स्थापन झालेलं चॅप्टर

माझ्या नवऱ्याच्या कॉलेज-हॉस्टेलच्या माजी विद्यार्थ्यांचं सिंगापूर चॅप्टर आमच्या बुकित बातोकच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्थापन झालं. त्यांच्या वेबसाइटवर लिहिलंय की मित्राच्या अकाली जाण्याने हेलावलेल्या बांधवांनी एकत्र येऊन हे रोपटं लावलं. हेलावले होते हे खरंच आहे. मी तिथेच होते, चहा करत होते.

नवरा सकाळी चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसला गेला आणि दुपारी तिथल्या पॅन्ट्रीत पाणी पिता पिता कोसळला. संध्याकाळी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्याचा चष्मा हातात धरून मी उभी होते. त्या आठवड्यात हॉस्टेलच्या मित्रांनी सगळं केलं. मंडाईच्या स्मशानात नेण्यापासून अस्थी आणण्यापर्यंत मला कुठेही एकटीला जावं लागलं नाही. हे मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

नंतर ते दर शनिवारी येऊ लागले. आधी नुसतेच बसायचे. मग जुन्या गोष्टी निघायला लागल्या आणि त्यांत हॉस्टेलच्या काचेचा किस्सा दर वेळी निघायचा. कुणीतरी मेसची मोठी काच फोडली होती. रेक्टरने सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं तेव्हा पहिला म्हणाला, "आम्ही सगळ्यांनी." मग दुसरा तेच म्हणाला, तिसराही तेच. शिक्षा सगळ्यांना झाली, नाव कुणाचंच बाहेर आलं नाही. त्या दिवसापासून हॉस्टेलचा तो नियमच झाला. एकाचं नाव कधी घ्यायचं नाही, जे काही असेल ते सगळ्यांचं. हा किस्सा सांगताना नवऱ्याला भरून यायचं. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही तो फार आवडला होता.

एका शनिवारी कुणीतरी म्हणालं की त्याच्या आठवणीत काहीतरी कायमचं उभं राहायला हवं. तिथून चॅप्टरचा विषय निघाला आणि हॉलला रंग चढला. चॅप्टरची घटना कशी असावी, घरून येणाऱ्या डे-स्कॉलर मुलांना घ्यायचं की नाही, लोगोत वडाचं झाड हवं की मेसची घंटा. डे-स्कॉलरवरून तर दोघांची चांगलीच जुंपली. दुःखात असलेल्या पुरुषांना काहीतरी काम लागतं, असं मी स्वतःला समजावत होते.

माझं काम वेगळं होतं. कंपनीच्या एचआरमधल्या मुलीने फार हळुवार आवाजात सांगितलं होतं की नवऱ्याचा नोकरीचा पास गेला की त्यावर मिळालेला माझा आणि लेकीचा डिपेंडंट पासही जातो. आवराआवरीला थोडी मुदत मिळेल, तेवढीच. लेक सहावीत होती. इथे सहावीच्या शेवटी मोठी परीक्षा असते, तिच्यावर पुढची शाळा ठरते. पहिलीपासून ती इथेच शिकलेली, बापाबरोबर बसून अभ्यासाचं वेळापत्रक केलेलं. बाप गेल्यावरही ते तिने भिंतीवरून काढलं नाही. "आई, मला बाकी काही नको," ती म्हणाली, "आय जस्ट वॉन्ट टू फिनिश, लाह."

चौकशी केल्यावर मार्ग निघाला. तिला स्टुडंट पास मिळू शकत होता आणि तिच्यासाठी म्हणून मलाही राहता आलं असतं. फक्त एक स्थानिक स्पॉन्सर हवा होता, सिटिझन किंवा पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी. हॉलमध्ये बसलेल्यांपैकी निम्मे तरी पीआर होते.

मी चहाचा ट्रे ठेवला आणि उभ्या उभ्याच विचारलं, "तुमच्यापैकी कुणीतरी एक जण सही कराल का? खर्च माझा मी बघेन. परीक्षा झाली की आम्ही जातो."

"वहिनी, असं परक्यासारखं काय बोलताय? आम्ही सगळे आहोत ना," एक जण म्हणाला.

"सगळे नकोत. त्या फॉर्मवर एकाच नावाची जागा आहे."

सगळे कपात बघू लागले. मग तांजोंग पगारला बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले, चॅप्टरचे होऊ घातलेले अध्यक्ष, घसा साफ करून म्हणाले, "एकट्याने केलं तर बाकीच्यांना वाईट वाटेल, वहिनी. हे चॅप्टरतर्फे झालं पाहिजे. एकदा रजिस्टर होऊ दे, लेटरहेडवर रीतसर देऊ."

"लेटरहेडला सही करता येत नाही," मी म्हटलं. मी विनोद केला असं वाटून दोघे-तिघे हसले.

मग मी एकेकाला फोन केले. एकाचा सिटिझनशिपचा अर्ज दिलेला होता, अशा वेळी कुठे नाव अडकायला नको. दुसरा मिसेसना विचारून सांगणार होता, त्या अजून विचारच करत असतील. तिसरा तेवढा खरं बोलला. "मी एकट्यानेच सही केली, वहिनी, तर ग्रुपमध्ये ते विचित्र दिसेल. आमच्यात तसं नसतं." फोन ठेवल्यावर मला त्या काचेची किळस आली. नाव द्यायचं नव्हतं म्हणून पोरं शूर झाली होती. मला त्या सगळ्यांचा राग आला आणि त्याहून जास्त नवऱ्याचा आला, की हा किस्सा त्याने मला इतक्या अभिमानाने का सांगितला होता. मेलेल्या माणसावर चिडून करायचं काय? मी भांडी घासली.

उद्घाटनाचं जेवण त्यांनी मुद्दाम आमच्या जाण्याच्या अलीकडे घेतलं, मला हजर राहता यावं म्हणून. रजिस्ट्रेशनचा पत्ता नव्हता, बॅनर मात्र तयार होता. मला शाल-श्रीफळ दिलं. अध्यक्ष म्हणाले की वहिनी आणि त्यांची लेक ही चॅप्टरची जबाबदारी आहे. टाळ्या झाल्या. लेकीने टाळ्या वाजवल्या नाहीत. फोटोत आम्ही दोघी मधोमध आहोत.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून तिचं नाव काढलं. तिच्या वर्गशिक्षिकांनी जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा तिच्या हातात दिला आणि वळून फळा पुसायला लागल्या.

निघायच्या दिवशी बॅगा लिफ्टपाशी लावत होते तेव्हा समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. तिथे एक चिनी म्हातारी एकटी राहायची. आमची ओळख लिफ्टमध्ये हसण्यापुरती, आणि माझ्या फोडणीचा वास आला की ती दार लावून घ्यायची. लेकीला इमारतीखालच्या टेबलावर अभ्यास करताना ती रोज बघायची. परीक्षा तोंडावर असताना कुठे चाललात, असं तिने विचारलं. मी थोडक्यात सांगितलं. नवरा गेला हे तिला ठाऊक होतं, सहीचं नव्हतं.

"साइन ओन्ली?" ती म्हणाली. "आय सिटिझन, व्हॉट. व्हाय यू नेव्हर आस्क मी?"

ती जवळजवळ रागावूनच बोलली. आमची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि शाळेतली जागा गेली होती. इतके आठवडे मी मराठी दारं ठोठावत फिरले, पण चार पावलांवरच्या या दाराचा विचारही माझ्या मनाला शिवला नव्हता. ती आपल्या माणसांतली नव्हती ना.

लेक माझ्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हातारीला "थँक यू, आंटी" म्हणाली, बॅग उचलून लिफ्टमध्ये शिरली, आणि एअरपोर्ट येईपर्यंत तिने माझ्याकडे बघितलं नाही.