कलम एकोणीस आणि बाटल्यांची रांग

विद्यापीठात तिला सगळे कलमबाई म्हणायचे. तोंडावर मॅडम, पाठ वळली की कलमबाई. संगणक सेवांचं नियोजन करणं आणि तंत्रज्ञान धोरण लिहिणं हे तिचं काम. कुठल्या विभागाला किती संगणक, वाय-फाय कुठवर पोचणार, निवृत्त प्राध्यापकांचा ईमेल कधीपर्यंत चालू ठेवायचा, विद्यार्थ्यांची माहिती कुणी बघायची नि कुणी नाही, हे सगळं आधी ठरवून कलमवार लिहून काढायचं. ती जीव तोडून लिहायची, आणि ते कुणी, अगदी कुणीही, वाचायचं नाही. "छान झालंय, मॅडम," म्हणणारा माणूस फक्त मुखपृष्ठाबद्दल बोलतोय हे तिला लगेच कळायचं, आणि तिथून चढलेला पारा घरी पोचेपर्यंत उतरायचा नाही. राग हिच्या नाकावर असतो, असं लोक म्हणत. तो तिथे का येऊन बसला, हे विचारायची तसदी मात्र कुणी घेतली नव्हती.

तिच्या खोलीच्या खाली, तळमजल्यावर, मोठा संगणक हॉल होता. ज्याच्याकडे स्वतःचा संगणक नाही त्याने इथे यावं नि काम करावं, इतका साधा हिशेब. संगणक थोडे, मुलं फार. म्हणून मुलांनी आपली आपणच एक रीत पाडली होती. आल्या आल्या पाण्याची बाटली खिडकीच्या कट्ट्यावर रांगेत ठेवायची. खुर्ची रिकामी झाली की पहिली बाटली उचलली जायची, मागच्या पुढे सरकायच्या. पाळी आली तेव्हा बाटलीचा मालक हजर नसला तर बाटली एक घर मागे. बाकी दुसऱ्याच्या बाटलीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. एका मुलीची बाटली हरवली, तेव्हापासून ती जॅमची रिकामी बरणी ठेवायची आणि तिचं नावच बरणीवाली पडलं. शेवटच्या वर्षाचा अख्खा प्रकल्प ती त्या हॉलमध्ये बसून लिहीत होती. घरी तिच्याकडे तडा गेलेला एक फोन होता, आणि त्यावरही धाकट्या भावाचा निम्मा हक्क.

मग विद्यापीठाने नवे तंत्रज्ञान सल्लागार नेमले आणि त्यांच्या डोळ्यांत हा हॉल खुपायला लागला. पाहुण्यांना दाखवायला तिथे काचेच्या भिंतींचं, रंगीत खुर्च्यांचं दालन करायचं त्यांच्या मनात होतं. त्यांनी सर्वेक्षण केलं आणि समितीच्या बैठकीत पडद्यावर एक भलंमोठं हिरवं वर्तुळ दाखवलं.

"जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याकडे स्वतःचा संगणक आहे," ते म्हणाले. "हॉलची गरजच उरलेली नाही."

"सर्वेक्षण केलंत कसं?" कलमबाईने विचारलं.

"ऑनलाइन. फोनवर फॉर्म नीट उघडत नव्हता, पण लॅपटॉपवर एकदम झकास. प्रतिसाद तर विचारू नका!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांनाच विचारलंत, बाबांनो, संगणक आहे का? जेवायला बसलेल्यांना विचारायचं, पोटाला मिळतंय ना, आणि बाहेर येऊन सांगायचं की कुणी उपाशी नाही! लाज वाटत नाही?"

सल्लागार हसले. "मॅडम, धोरण भावनेच्या भरात ठरत नसतं." कुलगुरूंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "मॅडमच्या मुद्द्याची नोंद घ्या." नोंद घेतली म्हणजे मुद्दा मेला, हे तिला चांगलं ठाऊक होतं. हॉल बंद करण्याचा रीतसर प्रस्ताव पुढच्या सत्रात आणायचं ठरलं. त्याआधी नव्या धोरणाचा मसुदा मंजूर व्हायचा होता. तो अर्थातच तिने लिहायचा.

संध्याकाळी ती दार आपटूनच घरात शिरली. सासूबाई स्वयंपाकघरातल्या कप्प्यांत कागद अंथरत होत्या. तिच्याच जुन्या मसुद्यांचे कागद.

"आई, हेच कागद मिळाले का तुम्हाला?"

"जाड असतात गं. डाग खालपर्यंत उतरत नाहीत."

"बरोबर आहे. तिकडे केराची टोपली, इकडे डब्यांखाली. माझ्या लिहिण्याची लायकीच ती!"

"माझ्यावर कशाला डाफरतेस? मी काय तुझं घोडं मारलंय? ज्यांच्यावर चिडलीस त्यांच्यावर ओरड."

"ओरडले. त्यांनी नोंद घेतली."

"मग वाटाणे सोल," सासूबाई म्हणाल्या आणि पिशवी तिच्यापुढे सरकवली.

वाटाणे संपले तरी राग होता तिथेच होता. पण सोलता सोलता तिच्या मनात आलं, कुणी वाचतच नाही ना? मग काहीही लिहिता येईल की. ती तशीच उठली, हात पुसले आणि मसुद्यात एकोणिसावं कलम घातलं. संगणक हॉल बंद करण्याचा प्रस्ताव आणणाऱ्याने आधी त्या हॉलमध्ये विद्यार्थ्यांप्रमाणे रांगेत स्वतःची बाटली ठेवावी, पाळी येईपर्यंत थांबावं, आणि आपला प्रस्ताव तिथल्याच संगणकावर बसून लिहावा. त्याशिवाय तो विचारात घेतला जाणार नाही.

तिने मसुदा बैठकीच्या आठवडाभर आधी सगळ्यांना पाठवला. बैठकीत तो चहाचे कप उचलले जायच्या आत मंजूर झाला. "नेहमीप्रमाणे उत्तम," कुलगुरू म्हणाले, आणि सगळ्यांचे हात वर गेले. सल्लागारांचाही.

नव्या सत्रात सल्लागार प्रस्ताव घेऊन उभे राहिले, तेव्हा तिने कलम एकोणीस खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. खोलीत चुळबुळ सुरू झाली.

"ही काय थट्टा आहे?" सल्लागार लाल झाले. "हे मंजूर कधी झालं?"

"तुम्ही हात वर केलात तेव्हा."

कुलगुरूंचा चेहरा पडला. आपण मंजूर केलेलं आपण वाचलं नव्हतं, हे भरसभेत कसं बोलणार? "कलम आहे म्हटल्यावर पाळावं लागेल," ते पुटपुटले.

सल्लागारांनी आधी शिपायाच्या हाती बाटली धाडली. हॉल सांभाळणाऱ्या काकांनी ती परत पाठवली. "बाटली आली, मालक कुठंय?" मग ते स्वतः आले. चकचकीत स्टीलची बाटली त्यांनी रांगेत ठेवली, फोन आला म्हणून बाहेर गेले आणि परतले तेव्हा पाळी हुकून बाटली एक घर मागे, बरणीच्या मागे गेलेली. काकांशी हुज्जत घातली. काकांनी अजिबात दाद दिली नाही. मग ते बाकावर टेकले. शेजारी बरणीवाली बसली होती. तिने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी मनापासून विचारलं, "सर, तुमच्याकडेपण संगणक नाहीये? तुमचं काम अर्जंट असेल तर माझ्या पाळीला बसा."

सल्लागार उठले, बाटली उचलून निघून गेले. प्रस्ताव पुन्हा आला नाही.

खोलीखोलीतून लोक तिचं अभिनंदन करायला आले. "काय जिरवलीत, कलमबाई!" आता तोंडावरच. तिने सगळ्यांना हाकलून लावलं.

घरी आली तीच धुमसत. सासूबाईंनी विचारलं, "अगं, हॉल वाचला ना? मग आता काय झालं?"

"हॉल वाचला कारण त्यांच्यापैकी एकानेही वाचलं नाही! एकाने जरी वाचलं असतं तर हरले असते मी. इतकी वर्षं रक्त आटवतेय आई, आणि जिंकले ती त्यांच्या आळसावर. याचा आनंद मानू?"

सासूबाईंनी वरचा कप्पा उघडला, दोन डबे उचलले आणि खालचा कागद बाहेर काढला.

"मला एक विचारायचं राहिलंय," त्या म्हणाल्या. "एकोणीसमध्ये नुसतं 'बाटली' लिहिलंयस. तू सांगतेस ती मुलगी बरणी ठेवते. उद्या कुणी आडमुठा म्हणाला, बरणी चालणार नाही, तर?"

"तुम्ही वाचलंत?"

"अंथरायच्या आधी वाचतेच की मी. दर वेळी."

ती खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून तिने तो डाग पडलेला कागद पुढे ओढला आणि 'बाटली'च्या पुढे लिहिलं, 'किंवा बरणी'.