ज्येष्ठेचा मुखवटा आणि सात दिवसांची बाटली

बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या क्रॉसला, म्हणजे गल्लीत, कस्तुराबाईंच्या अंगठ्याला मान होता. हिंग घ्यायचा तर खडा आधी त्यांच्या अंगठ्याखाली यायचा, तूप त्यांच्या तळहातावर, आणि साडीचा रंग त्यांच्या ओल्या पदराला घासून. शाळा झाली दुसरीपर्यंत, तीही बेळगावकडे आजोळी. पण वस्तू खरी की खोटी हे सांगायला त्यांना कधी कागद लागला नाही. मानसिंग नावाचा सुक्या मेव्याचा फेरीवाला एकदा मक्याचे रंगवलेले केस केशर म्हणून घेऊन आला. बाईंनी त्यातली चिमूट ओल्या फडक्यात गुंडाळली, त्याला चहा पाजला, आणि चहा संपल्यावर फडकं उलगडून त्याच्यापुढे ठेवलं. तेव्हापासून तो गल्लीत शिरला की आधी त्यांच्या फाटकाशी येऊन पोतं उघडायचा, जसा काही जकात नाकाच आहे.

त्यांची सून सुखदा पुण्याची. मुलगा मल्हार कम्प्युटरच्या कंपनीत, सकाळी गेला की दिवेलागणीला परत. चार वर्षं सुखदा या घरात होती, पण गल्लीत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. कानडी येत नाही म्हणून भाजी घेतानाही सासूच्या मागे उभी राहायची, बोट दाखवायची, आणि काही कळलं नाही की हसायची. अशी ही मुलगी शहाण्णव सालच्या आषाढात एकदम ‘रूपतेज’ नावाची तोंड धुवायची बाटली विकायला लागली. कोरमंगलाला कंपनीचं शिबिर झालं, तिथून निळी पेटी आली, आणि पंधरा दिवसांत ती दारोदार “अक्का, स्वल्प हाकी नोडी,” म्हणजे थोडं लावून तर बघा, म्हणत हिंडायला लागली. मोडकंतोडकं, पण बोलायला लागली. अंघोळ करताना गाणं म्हणायला लागली. कस्तुराबाईंनी न्हाणीघराबाहेर उभं राहून ते गाणं ऐकलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

आता अडचण अशी, की बायका बाटली हातात घ्यायच्या, वास घ्यायच्या, आणि परत ठेवून विचारायच्या, तुझ्या सासूबाई काय म्हणतात? समोरच्या कावेरीअक्कांनी तर स्पष्टच सांगितलं, की कस्तुराक्कांनी मान हलवली की सगळी गल्ली घेईल. गौरींच्या हळदीकुंकवाला सगळ्या येणारच होत्या, कंपनीच्या मॅडमही यायच्या होत्या. तिथे सासूबाईंनी मान हलवायची, एवढंच सुखदाचं मागणं.

“हलवीन,” कस्तुराबाई म्हणाल्या. “पण आधी बघीन.”

सुखदाने बाटलीवर पुढे ठळक छापलेलं सगळं मराठीत वाचून दाखवलं. पूर्ण निसर्गातलं. रसायन औषधाला नाही. डॉक्टरांनी तपासलेलं. सात दिवसांत चेहरा उजळ, पैसे परत वगैरे. बाईंनी ऐकून घेतलं आणि कामाला लागल्या. बाटलीतलं थोडं ज्योतीवर धरलं, ते जळलं नाही. पाण्यात टाकलं, ते तळाला बसलं. मांजरापुढे ठेवलं, ते उठून शेजारच्या कृष्णमूर्ती अण्णांच्या घरी राहायला गेलं. मग उरली जीभ. बाईंनी बोटभर जिभेला लावलं, आणि नेमका परसू पोस्टमन दाराशी आला. “काय रे परसू” म्हणायला त्यांनी तोंड उघडलं तर शब्दाच्या आधी फेस बाहेर आला. परसूने पत्रं तिथेच टाकली आणि शेजारून अण्णांना ओढत आणलं. अण्णा धावत आले ते एका हातात कांदा आणि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन, कारण फीट आलेल्या माणसाला यातलं काय हुंगवतात ते ऐन वेळी त्यांना आठवेना. दोन्ही हुंगवून झाल्यावर बाईंनी चूळ भरली आणि सगळ्यांना कॉफी केली.

हे कृष्णमूर्ती अण्णा तीस वर्षं साबणाच्या कारखान्यात होते. बाटलीत काय काय घातलंय ते मागे बारीक इंग्रजीत छापलेलं असतं, मी वाचून सांगतो, म्हणाले. पण चष्मा दांडी बसवायला दिलेला, तो मिळणार आठवड्याने. बाटली वाट बघत राहिली.

बाईंना वाट बघवेना. परीक्षा चेहऱ्यावर घ्यायची तर कुणाच्या? त्यांचा स्वतःचा सदुसष्ट वर्षांचा, तो आता उजळला काय आणि नाही काय. सुखदाचा मुळातच गोरा. मल्हार बायकोच्या बाजूने बोलणार. विचार करता करता त्या गौरींची पेटी उघडायला गेल्या, कारण दर वर्षी गणपतीआधी मुखवटे काढून चिंचेने घासायचे असतात. आणि तिथे ते दोन चेहरे त्यांच्याकडे बघत होते. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. एका वयाच्या, एका पितळेच्या, वर्षभर एकाच पेटीत राहिलेल्या. उन्हात जात नाहीत, तळकट खात नाहीत, आणि सुनेच्या मायेपोटी खोटं बोलणार नाहीत.

नवरा वासुदेवराव म्हणाले, “अगं, देवीला परीक्षेला बसवतेस?”

“आवाहन होईपर्यंत पितळच की ते,” बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून ज्येष्ठेचं तोंड रोज सकाळी रूपतेजने धुतलं जाऊ लागलं, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे, हलक्या हाताने, गोल गोल, एक मिनिट. कनिष्ठेचं नुसत्या पाण्याने. चिंच कुणालाच नाही. तिसऱ्या दिवशी ज्येष्ठेचं नाक चकाकलं. पाचव्या दिवशी दोन्ही गाल. कनिष्ठा होती तशीच, रुसल्यासारखी काळवंडलेली. सुखदा दोन्ही मुखवटे उजेडात धरून नाचायची तेवढी बाकी होती. बाईंच्याही छातीवरचं ओझं उतरलं. मान हलवायला हरकत नाही, असं त्यांनी सहाव्या दिवशी मनात ठरवूनच टाकलं.

सातव्या दिवशी वासुदेवराव न्याहारीला येईनात. बोलावलं तर टॉवेल गालावर धरून आले. टॉवेल काढला तर उजवा गाल नव्या बटाट्यासारखा सोललेला. ज्येष्ठेचं नाक चकाकलेलं पाहून म्हातारबुवा तिसऱ्या दिवसापासून गुपचूप बाटली वापरत होते, दिवसातून चार वेळा. भीती वाटली म्हणून एकच बाजू.

त्याच दुपारी अण्णांचा चष्मा आला. अण्णा ओट्यावर बसून एकेक नाव वाचू लागले. पहिलं नाव ॲक्वा.

“ते काय असतं?” बाईंनी विचारलं.

“पाणी.”

“मग पाणी का नाही लिहिलं?”

अण्णांनी बोट पुढच्या नावावर सरकवलं. पाण्यानंतर फेस आणणारं द्रव्य, कपड्याच्या पावडरीत असतं त्याच्याच नात्यातलं. मग लिंबाचं आम्ल. मग सडू नये म्हणून एक, वासाला एक, रंगाला एक. विष यात काही नाही, अण्णा म्हणाले, पण रसायन नाही म्हणणं खोटं. डॉक्टरांनी तपासलं म्हणतात, पण डॉक्टरचं नाव कुठे आहे? आणि हळद, कोरफड, चंदन, ज्यांची चित्रं पुढे मोठ्ठी छापलीत, ती सगळ्यात शेवटी. जे जास्त असतं ते आधी लिहायचं, थोडं ते शेवटी, असा छापण्याचा नियम असतो.

कस्तुराबाईंना हे पटकन कळलं. लग्नपत्रिकाच की ही. वर नावं असतात ती खर्च करणाऱ्यांची, आणि अगदी खाली ती चिल्लीपिल्ली, आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं म्हणणारी. त्यांनी काही दिलेलं नसतं, फक्त बोलावलेलं असतं. हळद तिथे बसली होती.

“आणि ज्येष्ठा कशाने उजळली?”

“लिंबाच्या आम्लाने. तुम्ही चिंच लावता ती कशासाठी? पितळ आंबटाने उजळतं, अक्का. कातडी सोलवटते.”

बाई अंगठा चोळत बसल्या. सगळं आयुष्य वस्तू तपासण्यात गेलं, आणि चेहरा तपासायला त्यांनी कातडी नसलेला चेहरा निवडला होता.

संध्याकाळी त्यांनी सुखदाला सगळं सांगितलं. तिने ऐकलं, पेटीतल्या बाटल्या उगाच सरळ केल्या. मग म्हणाली, “आई, खोटं नका बोलू. नुसत्या गप्प बसा.”

“माझं गप्प बसणंसुद्धा गल्लीत हो म्हणून चालतं गं.”

सुखदा आत गेली. गणपती आले, गौरी आल्या, पण न्हाणीघरातून गाणं काही आलं नाही.

हळदीकुंकवाला घर भरलं. ज्येष्ठा झगझगीत, कनिष्ठा काळीसावळी, कारण दोघींचे मुखवटे तसेच मांडायचे, मध्ये चिंच लावायची नाही, असं बाईंनी घरात बजावलं होतं. कोपऱ्यात वासुदेवराव, अर्धे गुलाबी, अर्धे सावळे. कंपनीच्या मॅडम गाडीतून आल्या, आधी ज्येष्ठेकडे बघून खूश झाल्या, मग वासुदेवरावांकडे बघून पाठ फिरवून बसल्या. सुखदा निळी पेटी मांडीवर घट्ट धरून.

कावेरीअक्कांनी विचारलं, आणि कस्तुराबाई उभ्या राहिल्या. आधी स्वतःची चूक सांगितली. मी चेहऱ्याची परीक्षा पितळेवर घेतली, म्हणाल्या, आणि पास केलं. मग नवऱ्याचा गाल दाखवला. यांनी चारपट लावलं, तो दोष यांचा. पण उजळलं मात्र काही नाही. मॅडम हसून हिंदीत म्हणाल्या, की माताजी जुन्या वळणाच्या, त्यांना यातलं काय कळणार.

तेव्हा सुखदाने पेटी खाली ठेवली. बाटली काढली आणि मागची नावं कानडीत वाचायला लागली, अडखळत, लग्नपत्रिकेसारखी, आधी खर्च करणारे, मग पाहुणे. हळदीचं नाव आलं तेव्हा “ही फक्त बोलवायला आलीय” असं म्हणाली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. चार वर्षांत ती एवढं पहिल्यांदाच सलग बोलली होती.

हसणं ओसरल्यावर कावेरीअक्का ज्येष्ठेजवळ गेल्या, नाक निरखलं, आणि विचारलं की समईला किती थेंब लागतील. पेटीतल्या अकराच्या अकरा बाटल्या समया आणि तांब्यांसाठी गेल्या.

मॅडम दाराशी सुखदाला बाजूला घेऊन समजावत होत्या. विक्री उत्तम, फक्त पितळेचं नाव काढू नकोस, उजळतं एवढंच म्हण. सुखदाने त्यांना हिंदीत, मराठीत काही सांगितलं नाही. “आगल्ला, मॅडम,” म्हणाली, जमायचं नाही. मॅडम रिकामी निळी पेटी घेऊन गेल्या, ती परत आली नाही.

गौरी गेल्यावर दुसऱ्या सकाळी वासुदेवराव टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघराबाहेर ताटकळत होते. आत पाणी पडत होतं, आणि सुखदाचं गाणं. कावेरीअक्कांनी तिला कॉफीला बोलावलं होतं, विकायला काही नसताना.

“तिला जरा लवकर आटप म्हण,” ते म्हणाले.

“थांबा,” कस्तुराबाई दाराला कान लावून म्हणाल्या, “अजून एक कडवं राहिलंय.”