अनसची गुरगुर

अनस तांबोळी जुन्नरचा, डबस्टेप बनवायचा. ह्या गाण्यात ताल चढत जातो, मधेच थांबतो, आणि मग छातीत घुसणारा जाड आवाज आदळतो. राजुरीत माझ्या उसाकडंला पिंजऱ्यात बिबट्या सापडला, तवा अनसनं त्याची गुरगुर मोबाईलवर भरून घेतली आणि तोच आवाज गाण्यात घातला. त्याच्यावर त्याचं नाव झालं. पुण्याची, गोव्याची पोरं तिकीट काढून नाचायची. मला मात्र ते ऐकलं की दरदरून घाम फुटायचा.

यंदा राजुरीच्या जत्रंत, दिवस मावळताना त्याचा कार्यक्रम ठेवला. ताल चढला, थांबला, आणि गुरगुर आली. कोण नाचतंय? बायांनी लेकरं उचलली. माझ्या आईनं ताट बडवायला घेतलं, मग सगळ्यांनीच डबे, पातेली बडवली. आमच्याकडं बिबट्याला असंच हाकलत्यात.

माझं डोकं फिरलं. स्टेजवर चढून म्हणलं, "हितं असला आवाज लावत्यात व्हय? बंद कर आधी."

अनसचं बोट बटणाच्या वरच थांबलेलं. नजर स्टेजमागच्या उसाकडं. म्हणला, "गोरखभाऊ, मी अजून लावलाच न्हाई."