तिसावी रायफल

दुसरा पूल मागे पडला तरी मामा थांबायचं नाव घेईनात. बसचा शेवटचा थांबा केव्हाच सुटला होता आणि गोदामांची रांग अजून चांगली अर्ध्या तासावर होती. भाची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर करत त्यांच्या मागे जवळजवळ धावतच होती.

“मामा, जरा दमानं. गोदाम काही पळून जात नाही.”

“गोदाम नाही गं पळत. आतली रायफल भाड्याने जाते. आज इथे आहे, उद्या कुठल्या शूटिंगला जाईल कोण जाणे.”

भाचीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पाय उचलले.

मामांनी चौतीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात बंदुका दुरुस्त केल्या. हात असा की डोळे मिटून रायफल सुटी करतील आणि जोडतील. घरात मात्र पंख्याचा साधा स्क्रू पिळायला सांगितला की “उद्या बघू.” स्वतः त्यांनी जन्मात चिमणीवरसुद्धा नेम धरला नाही. निवृत्त झाल्यावर एकच नाद लागला, सिनेमातल्या बंदुका ओळखायचा. “ही खरी. ही लाकडाची. आणि ही तर या गोष्टीच्या काळी जन्मालाच आली नव्हती!” सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून नऊ बार निघाले की ते मोठ्याने मोजायचे. मामी कपाळाला हात लावायच्या. “तुमच्याबरोबर सिनेमा बघायचा म्हणजे पंचनाम्याला बसायचं!”

गेल्या आठवड्यात भाची राहायला आली होती. टीव्हीवर एक सिनेमा लागला होता. मामांचं नेहमीप्रमाणे खरी-खोटी चाललं होतं आणि मध्येच ते उठून थेट टीव्हीपाशी गेले. पडद्यावरच्या रायफलीच्या लाकडी दस्त्याला पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचं ठिगळ होतं. ते त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलं होतं. आई लेकराच्या पाठीवरचा तीळ ओळखते, तसं त्यांनी ते ओळखलं.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी तीस जुन्या रायफली सिनेमाच्या सामानासाठी द्यायच्या ठरल्या होत्या. त्या निकामी करायचं काम मामांकडे आलं. नळीत जिथे काडतूस बसतं, तिथे पोलादी खुंटी आडवी ठोकायची आणि वरून वेल्डिंगने पक्की करायची, म्हणजे पुन्हा त्यात काडतूस शिरायची सोय नाही. वेल्डिंगचा एक टाका पुरे होता, पण मामा दोन घालायचे. “एक सरकारचा, एक माझ्या मनाचा.”

शेवटच्या दिवशी, ठिगळवाली रायफल पुढ्यात असतानाच, मामींना दवाखान्यात नेल्याचा निरोप आला. मामा होते तसे धावले. दोन दिवसांनी परत येऊन बघतात तर खोकी खिळे ठोकून रवाना झालेली. साहेबांनी कागद पुढे केला, मामांनी तीस नगांवर सही केली. पण हाताला एकोणतीसच आठवत होत्या. तिसाव्या रायफलीला टाके घातले की नाही, ते काही केल्या आठवेना. घातले असणारच, असं त्यांनी मनाला बजावलं. मनानेही वर्षानुवर्षं ते ऐकून घेतलं.

आणि आता पडद्यावर टाक्यांची जागा गुळगुळीत दिसत होती. एकही गाठ नाही. वर ती नळी एका कोवळ्या पोरीच्या छातीवर रोखलेली.

मामांनी चार ठिकाणी विचारून गोदामाचा फोन नंबर मिळवला. पलीकडचा माणूस हसला. “आजोबा, आमच्याकडे राजवाडासुद्धा पुठ्ठ्याचा असतो!” म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर मामांनी तो सिनेमा लावायचा, बघायचा, पुन्हा लावायचा, असं सुरू केलं. शेवटी मामी भाचीला म्हणाल्या, “तूच जा बाई ह्यांच्याबरोबर. माझे गुडघे माझं ऐकत नाहीत, आणि हे तर कधीच ऐकत नव्हते.”

गोदामात शिरताच उजवीकडे सोनेरी सिंहासन होतं, त्यावर एक मांजर आरामात पसरलं होतं. पलीकडे थर्माकोलचे खांब, प्लॅस्टिकची फळं, भिंतीला टेकवलेले दहा-बारा दरवाजे. गोदामवाला स्टुलावर बसून एका तलवारीला चंदेरी रंग देत होता.

“फोनवाले आजोबा तुम्हीच का? एवढ्या लांब चालत आलात?”

“ठिगळवाली रायफल दाखवा,” मामा म्हणाले. नमस्कार करायचंसुद्धा ते विसरले. भाचीनेच घाईघाईने हात जोडले.

गोदामवाल्याने कपाटातून रायफल काढून दिली. मामांनी नळीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत. भाचीला त्यांचा चेहरा बघवेना. त्यांनी बोल्ट मागे ओढला, खिशातली पेन्सिल काढली आणि मागच्या तोंडातून आत सारली. दोन बोटं आत गेली असेल नसेल, टक्क करून अडली. त्यांनी ती बाहेर काढली, उलटी केली, पुन्हा घातली. टक्क.

“बंद आहे,” मामा म्हणाले. मग गोदामवाल्याकडे वळून जवळजवळ ओरडलेच, “अहो, मग वरचे टाके कुठे गेले?”

“त्या गाठी होय? डायरेक्टर म्हणाला, जवळून घेतलं की दिसतात. मग मी त्या घासून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वर काळा रंग मारला. का, काही बिघडलं का?”

मामांनी नखाने रंग खरवडला. पोपडा निघाला. खाली घासून चपट्या झालेल्या दोन गाठी होत्या, शेजारी शेजारी. एक सरकारची, एक मनाची. म्हणजे निरोप येण्याआधीच काम पुरं झालं होतं. घाबरलेल्या जिवाने तेवढंच नेमकं आठवणीतून पुसून टाकलं होतं.

“मला फसवलंत हो,” मामा म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. भाचीने पाण्याची बाटली पुढे केली. “चौतीस वर्षं या कामात काढली, आणि डबाभर लांबीने मला फसवलं!”

“तुमच्यासारख्याला फसलेलं बघितलं, आता डायरेक्टरकडे भाडं वाढवून मागतो,” गोदामवाला म्हणाला.

तरीही मामांनी बाकीच्या एकोणतीस मागवल्या आणि एकेकीत पेन्सिल घालून बघितली. प्रत्येक टक्क ऐकला की भाची मनात “देवा, तुझीच कृपा” म्हणत होती. शेवटी शेवटी गोदामवालाच आकडा मोठ्याने पुकारू लागला. तीसच्या तीस भरल्या. मग मामांना नमस्कार आठवला. चहा आला, तो त्यांनी दोन कप घेतला.

परतताना मामांची चाल पार बदलली होती. दुकानांच्या पाट्या वाचत, कडेच्या नाल्यातली बदकं बघत ते रमतगमत चालले होते. पुलावर आल्यावर कठड्याला टेकून त्यांनी चष्मा पुसला.

“अगं, माझं एक काम करशील?”

“बोला ना, मामा.”

“तो सिनेमा मी अकरा वेळा बघितला, पण रायफलीपलीकडे मला काही दिसलंच नाही बघ. तू नीट बघितलायस ना? मला त्याची गोष्ट सांग. ती पोरगी कोण, तो तिच्यावर एवढा का चिडलाय, शेवटी ती वाचते का. अगदी सुरुवातीपासून सांग. आणि घाई करू नकोस.”