संध्याकाळचा ताप

फ्लूने माणूस मरू शकतो हे आमच्या घरात कोणाला पटलंच नसतं. फ्लू म्हणजे आल्याचा काढा, कपाळाला बाम आणि कामावर दोन दिवस खाडा. माझ्या वडिलांनी काढा घेतला, बाम लावला, खाडा मात्र केला नाही. विक्रोळीच्या एका कारखान्यात ते फिटर होते. तापात चार दिवस कामावर गेले आणि पाचव्या दिवशी मशीनपाशी खाली बसले ते उठलेच नाहीत. बरोबरच्या माणसांनी त्यांना उचलून घाटकोपरच्या हॉस्पिटलात नेलं. आम्हाला निरोप आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. आधी ते संपवले आणि मग चप्पल घातली. असं का केलं ते आजही सांगता येत नाही.

तेव्हा गिरण्यांचा संप चालू होता. मी एकोणीस वर्षांची होते. आई दोन घरी पोळ्या करायला जायची, म्हणून दिवसभर वडिलांजवळ बसायचं काम माझ्याकडे आलं.

वॉर्डात सगळे एकाच दुखण्याचे. डॉक्टर तरुण होते, झोप न झालेले. ते म्हणाले, "ही साथ साऱ्या जगात फिरून आलीय. बहुतेकांना आठवड्यात बरं वाटतं. काहींच्या छातीत उतरते, यांच्या उतरलीय." उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया. वडिलांचे ओठ जांभळट दिसत होते. श्वास घेताना नाकपुड्या फुलायच्या आणि खोकला आला की ते बरगडी हाताने दाबून धरायचे. थुंकी गंजासारखी तांबूस. चहाचा कप धरवत नव्हता. पहिले तीन दिवस मला त्यांनी ओळखलं की नाही कोण जाणे. मी रडले नाही. शेजारच्या बायका माझ्याकडे बघून आपसात म्हणायच्या, पोरगी धीराची आहे. कसला धीर डोंबलाचा! मला काही वाटतच नव्हतं. आत कोणी कापूस भरल्यासारखं झालं होतं.

शेजारच्या खाटेवर मानखुर्दचे एक काका होते. पन्नाशीचे, बौद्ध, मूळचे बीडकडचे. उशाखाली बुद्धाचा छोटा फोटो ठेवायचे. त्यांची बायको कामावरून संध्याकाळी यायची, म्हणून दुपारी त्यांचं पाणी, भांडं मीच बघायची. मी बाहेर गेले की ते वडिलांच्या सलाईनवर नजर ठेवायचे. आठवड्याभरात दोघांची ओळख झाली. खोकल्याची उबळ आली की दोघे आळीपाळीने खोकायचे आणि मग एकमेकांकडे बघून हसायचे. वडिलांना भूक लागली ती काकांच्या डब्यातल्या भाकरीचा वास आल्यावर. एवढा एवढा तुकडा त्यांनी खाल्ला. नखांचा रंग परत आला. ऑक्सिजनची नळी निघाली. आता माणूस हातचा जात नाही असं सगळ्यांना वाटू लागलं.

नेमके तेव्हाच वडील दिवस मोजू लागले. गणपती जवळ आले होते.

आमच्या गावच्या घरात एकच गणपती. तीन भावांचा मिळून, पण पूजेला बसायची पाळी दर वर्षी एकाची. त्या वर्षी पाळी वडिलांची होती. तीन वर्षांपूर्वी आली होती तेव्हा कारखान्याने रजा दिली नव्हती आणि धाकटे काका बसले होते. म्हणजे सहा वर्षं माझे वडील स्वतःच्या घरच्या गणपतीपुढे पाटावर बसले नव्हते. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, त्यात काय एवढं? आमच्याकडे त्यात सगळंच आलं. मुंबईत तुम्ही फिटर असा नाहीतर हमाल असा, त्या पाटावर बसलात की तुम्ही त्या घराचे.

डॉक्टरांची अट साधी होती. तीन संध्याकाळी ताप आला नाही तर घरी सोडीन. सकाळी वडिलांना ताप नसायचाच, चढायचा तो संध्याकाळी. सिस्टर सहा वाजता थर्मामीटर घेऊन खाटांवरून फिरायची. जिभेखाली ठेवायची, पुढच्या खाटेकडे जायची, परत येऊन तक्त्यावर लिहायची.

एका दुपारी वडील हळूच म्हणाले, "भायर रसवाल्याकडे बर्फ गावता. थर्मासातसून थोडो घेवन ये. कोणाक सांगू नको."

मला वाटलं, घसा सुकला असेल. आणला. सहाला दहा मिनिटं असताना त्यांनी एक खडा तोंडात घेतला, मग दुसरा. सिस्टर दिसली तशी बर्फाचं पाणी गिळलं आणि तोंड मिटून पडून राहिले. सिस्टरने आकडा वाचला आणि म्हणाली, "अरे वा! आज ताप नाही." वडिलांनी माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा ते मला माझे वडील वाटले. मला हसू आलं. हे मी लपवणार नाही, त्या दिवशी मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी मी न सांगता बर्फ आणला. शेजारच्या काकांनी मान वळवून बघितलं. सिस्टर गेल्यावर ते म्हणाले, "अहो दादा, ताप तक्त्यावरनं गेला, अंगातनं नाही गेला."

"माझी पाळी आसा हो," वडील म्हणाले. "माका जावकच होया."

काकांनी मान परत वळवली. आईला मी काही सांगितलं नाही. आईने तर गाठोडं बांधायला घेतलं होतं. एसटीची तिकिटं काढून झाली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी वडिलांचं अंग पुसत होते. पाठीला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. तव्यासारखी पाठ. श्वास पुन्हा वरवरचा झाला होता, बोलताना चार शब्दांवर थांबत होते. ओठांकडे बघितलं आणि मग बघायचं टाळलं. गावी जायचं म्हणजे रात्रभर एसटी, घाट, आणि तिथे डॉक्टर म्हणाल तर नदीपलीकडे. मी थर्मास घेऊन रसवाल्याकडे गेले, बर्फ घेतला, जिना चढून वर आले. वॉर्डाच्या दाराशी सिस्टरचं टेबल होतं. ती इंजेक्शनच्या सुया मोजत होती. मी थर्मास तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "हे ते तोंडात धरतात. तुम्ही यायच्या आधी."

सिस्टरने मला शिव्या दिल्या नाहीत. "किती दिवस?" एवढंच विचारलं. मग म्हणाली, "तू खाली जाऊन बस. तू सांगितलंस असं मी म्हणणार नाही."

मी खाली बाकड्यावर बसले. साडेसहाला वर गेले तेव्हा वडिलांच्या नाकात पुन्हा नळी होती. सिस्टरने या वेळी थर्मामीटर काखेत ठेवला होता. एकशे तीन. तक्त्यावर तो आकडा लाल पेनाने लिहिला होता. वडील माझ्याकडे बघत नव्हते. ते शेजारच्या खाटेकडे बघत होते. मी बर्फ आणायला गेले होते, आई आली नव्हती, मग उरलं कोण? हिशोब त्यांनी मांडलासुद्धा होता.

"त्येनाच सांगल्यान," ते मला म्हणाले. "त्येका आपल्या देवाचा काय पडलाहा!"

काका जागे होते. त्यांनी ऐकलं. माझ्याकडे बघितलं. मी वडिलांची चादर सारखी करत राहिले.

गणपती बसले त्या दिवशी न्यूमोनिया वडिलांच्या डाव्या फुप्फुसातही उतरला होता. डॉक्टर दोनदा येऊन गेले. एसटीत असते तर घाटाच्या आतच संपले असते, असं ते आईला स्पष्ट म्हणाले. गावी धाकटे काका पूजेला बसले. वडील वाचले. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून, पेज, वरणाचं पाणी, खाटेच्या कडेला पाय सोडून बसणं, भिंत धरून संडासापर्यंत जाणं. मध्येच काही कारण नसताना रडायचे. डॉक्टर म्हणाले, या तापाने असं होतं, मन खचतं. वडील तसे रडले की मला राग यायचा. कोणाचा ते ठरवता यायचं नाही.

शेजारचे काका आधी बरे होऊन घरी गेले. जाताना त्यांनी हात जोडले. वडिलांनी भिंतीकडे तोंड केलं.

दिवाळीनंतर एका रविवारी ते आमच्या घरी आले. पत्ता सिस्टरकडून मिळवला होता. मानखुर्दहून विक्रोळीला आले, दोन जिने चढले आणि दारात धापा टाकत उभे राहिले. हातात पेरूंची पिशवी. छाती अजून भरून येते म्हणाले. वडील आतल्या खोलीत होते, ते बाहेर आले नाहीत. आईने चहा दिला. काकांनी तो गरम गरमच पिऊन टाकला, आपण किती वेळ बसायचं ते त्यांना कळलं होतं. मी त्यांना सोडायला खाली उतरले.

खाली नळापाशी ते थांबले. म्हणाले, "पोरी, तू सांगितलंस ना सिस्टरला?"

मी मान डोलावली.

"चांगलं केलंस. जीव वाचला बापाचा." जरा दम खाल्ला. "आता त्यांना सांगत बसू नकोस. माझ्यावर राग राहिला तर राहू दे. मी काय, कधीतरी भेटणार. तुला रोज त्या घरात राहायचंय."

मला तेव्हा त्यांच्या पाया पडायला हवं होतं. निदान वर जाऊन खरं बोलायला हवं होतं. मी फक्त बरं म्हटलं. ते रस्त्याला लागले, दोनदा उभे राहून दम घेतला, मग कोपऱ्यावरून वळले. मी वर येऊन पेरू धुतले. वडिलांनी एकही खाल्ला नाही.

मानखुर्दला मी कधी गेले नाही. जायचं ठरवलं होतं, एकदा नाही, बऱ्याचदा.

वडील त्यानंतर पुष्कळ जगले. दर तीन वर्षांनी त्यांची पाळी आली आणि ते पाटावर बसले. आरती झाली, पानं मांडली की ते तीच गोष्ट सांगायचे, एका माणसाने माझी पाळी कशी घालवली. शेजारच्या खाटेवर झोपायचा, माझ्या पोरीच्या हातचं पाणी प्यायचा आणि त्याने चहाडी केली. गोष्ट दर वेळी थोडी वाढायची. मी वाढपात असायची. एकदा माझा मुलगा सात-आठ वर्षांचा होता, तोंडात मोदक तसाच ठेवून त्याने विचारलं, "आजोबा, तो माणूस खरंच इतका वाईट होता?"

वडील हसले. "तुझ्या आवशीक इचार. ती थयंच होती."

सगळी पंगत माझ्याकडे बघू लागली. मी तुपाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "हो."