‘घेतली’ या एका शब्दाचा खुलासा

आमच्या काटेवाडीच्या दूध संकलन केंद्रावर धुळवडीच्या त्या नाकाबंदीची तीन कथानके रोज सकाळी सांगितली जातात. पहिल्यात मी पिऊन गाडी चालवत होतो. दुसऱ्यात मी पोलिसांच्या यंत्रात फुंकण्यास साफ नकार दिला आणि कायदा झाडून सुटलो. तिसऱ्यात बायको गेल्यापासून मी बाटलीला लागलो आहे. तिन्ही खोटी आहेत. तिसरे कथानक तर तिचाही अपमान करणारे आहे, आणि दुर्दैवाने तेच माझ्या मुलाने खरे मानले. त्या संध्याकाळी त्याने माझ्या गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

घडले ते असे. मी इंदापूरच्या बाजाराला निघालो होतो. बारामतीचा बाजार जवळ असताना इंदापूर कशाला, असे मला विचारतात. बायकोचे माहेर तिकडचे. बाजाराला आम्ही कायम तिकडेच गेलो आणि ती गेल्या श्रावणात गेल्यावरही माझी गाडी तिकडेच वळते. निमगावच्या पुढे रस्त्यावर सांडलेला ऊस चुकवताना गाडी थोडी हेलकावली आणि समोरच उभ्या असलेल्या फौजदाराने हात केला. त्याचा हवालदार डाव्या खिडकीशी आला, खाली घेतलेल्या काचेवरून आत वाकला आणि म्हणाला, “घेतली का?”

मी म्हणालो, “घेतली.”

हवालदार खूश झाला. “सायेब, आबा सोताच म्हणत्यात घेतली. कामच हलकं केलं.”

माझा जन्म बारामतीच्या न्यायालयात कारकुनी करण्यात गेला आहे. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते आणि तसे मी त्याला सांगितले. मात्र फुंकण्यास मी नकार दिलेला नाही, हे दुसऱ्या कथानकाच्या कर्त्यांनी कान देऊन ऐकावे. गणवेशातील पोलिसाला रास्त संशय आला तर श्वासाची चाचणी द्यावीच लागते. नकार हा हक्क नव्हे, उलट नकार देणाऱ्याला तिथेच अटक होऊ शकते. मी मागितले ते एवढेच: नळी माझ्यासमोर नवी लावा, फुंकण्यापूर्वी यंत्राचा आकडा मला दाखवा, निकालाची चिठ्ठी काढा, आणि आकडा शंभर मिलिलिटर रक्ताला तीस मिलिग्रॅमच्या वर गेला, तर मला सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त तपासा. अटक केलीत, तर दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावे लागेल.

“आबा, तुमी वकील हाय का?” हवालदाराने विचारले.

“वकील असतो तर एवढं फुकट सांगितलं नसतं.”

फौजदार तरुण आणि सभ्य होता. त्याने नळी बदलली. मी फुंकले. आकडा शून्य आला. पुन्हा फुंकले, पुन्हा शून्य. त्याने चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि मग विचारले, “आबा, मग घेतली असं कशाला म्हणालात?”

मी उत्तर दिले नाही. गप्प राहण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. त्या दिवशी मी खऱ्या अर्थाने वापरला तो हाच.

किल्लीसाठी मुलापुढे मात्र गप्प राहून चालणार नव्हते. त्याने चिठ्ठी पाहिली आणि म्हणाला, “मशीन चुकलं आसंल आबा. तुमी सोताच्या तोंडानं व्हय म्हणालाय, सगळा गाव सांगतोय.”

“गाव तिथं नव्हता. मी होतो.”

“मग का म्हणालात?”

तेव्हा मी सांगितले. रक्तदाबाची गोळी मी निघण्यापूर्वी घेतो. त्याची आई डाव्या बाजूला बसायची, पदर आवरायची, दार ओढून घ्यायची आणि मी गाडी सुरू करण्यापूर्वी विचारायची, “घेतली का?” गोळीचे नाव नाही, माझे नाव नाही, नुसते एवढेच. मी म्हणायचो, “घेतली.” मग गाडी निघायची. श्रावणापासून त्या बाजूने मला कोणी काही विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले, आणि मी त्याच प्रश्नाचे उत्तर दिले.

मुलाने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि आपल्या बायकोला काहीतरी सांगितले असावे, कारण सून आता रोज विचारते, “आबा, गोळी घेतली का?” भली पोर आहे. पण ती ‘गोळी’ म्हणते. गोळी म्हणण्याची गरज नसलेले माणूस वेगळे असते, हे तिला समजावून सांगणे बरे दिसणार नाही.

पुढच्या बाजाराला मी निघालो. निमगावच्या पुढे तीच नाकाबंदी होती, तोच हवालदार. त्याने मला लांबूनच ओळखले आणि हसून सलाम ठोकला. तरी मी गाडी सावकाश केली, पार थांबवली म्हटले तरी चालेल, आणि डावी काच पुरती खाली घेतली.

“जावा आबा, तुमाला काय इचारायचं,” तो म्हणाला आणि हाताने वाट दाखवली.

मागे उसाचा ट्रॅक्टर येऊन थांबला होता आणि त्याचा चालक भोंगा वाजवू लागला. मला गाडी पुढे घ्यावी लागली.